ट्रॅक्टर खरेदी आणि विक्रेत्याची साथ: नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रॅक्टर तर कंपनी बनवते. मग तो कोणत्या विक्रेत्याकडून घेतला याला इतके महत्त्व कशासाठी?

कारण कारखान्याशी शेतकऱ्याचा थेट संबंध जवळजवळ येतच नाही. यंत्र ताब्यात देण्यापूर्वीची तपासणी, आरटीओकडील नोंदणी, ठरलेल्या तासांनंतरच्या सर्व्हिस, वॉरंटीचा दावा तयार करून कंपनीकडे पाठवणे आणि सुटे भाग वेळेवर मागवून ठेवणे ही सारी कामे विक्रेत्याच्या हातून होतात. त्यामुळे एकाच कंपनीचे आणि एकाच मॉडेलचे दोन ट्रॅक्टर, एक पिंपळगाव बसवंतच्या आसपास आणि दुसरा सुरगाण्याकडे, चार वर्षांनंतर मालकाला अगदी वेगळा अनुभव देऊ शकतात.

खरेदीपूर्वीची चर्चा बहुधा अश्वशक्ती, डिझेलचा खप, लिफ्टची क्षमता आणि किंमत यांभोवती फिरते. या बाबी महत्त्वाच्या आहेतच. परंतु ४५ अश्वशक्तीच्या आसपासच्या गटात नामांकित कंपन्यांच्या यंत्रांमध्ये जेवढा फरक आढळतो, त्यापेक्षा मोठा फरक त्यांच्या विक्रेत्यांमध्ये आढळतो, असे माझे मत आहे. यंत्रांची तांत्रिक तुलना करण्यासाठी मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेचे चाचणी अहवाल उपलब्ध आहेत. विक्रेत्याचा असा अहवाल कोणी प्रसिद्ध करत नाही, म्हणून तो ज्याचा त्यानेच तयार करावा लागतो.

नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न अधिक गंभीर का ठरतो?

मुख्य कारण द्राक्षबाग. एप्रिलमधील खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपासून सुरू होणारी, फळ धरण्यासाठीची गोडी छाटणी या दोन टप्प्यांवर दिंडोरी, निफाड आणि चांदवड भागातील बागांचे वेळापत्रक बेतलेले असते. गोडी छाटणीनंतर कोवळी फूट बाहेर पडत असताना पाऊस झाला, की डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा धोका वाढतो आणि फवारणी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी करावी लागते. ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरमागचे फवारणी यंत्र, पीटीओवर (इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या शाफ्टवर) चालतो. पीटीओ, क्लच किंवा हायड्रोलिक यांपैकी काहीही त्या सकाळी बंद पडले, तर औषध टाकीत कालवून तसेच राहते आणि बाग उघडी पडते.

अशा वेळी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागून आणता येईल, असे बाहेरच्या माणसाला वाटू शकते. प्रत्यक्षात पाऊस शेजाऱ्याच्या बागेतही झालेला असतो आणि त्याचा ब्लोअरही त्याच वेळी सुरू असतो. नांगरट दोन दिवस पुढे ढकलता येते, रोटाव्हेटर भाड्याने मिळतो. पण पावसानंतरच्या सकाळी मोकळा ब्लोअर-ट्रॅक्टर सबंध शिवारात शोधूनही सापडत नाही. बागायतदाराने विक्रेत्याची निवड याच सकाळचा विचार करून करावी.

दुसरी बाब यंत्राच्या प्रकाराची. द्राक्षाच्या दोन ओळींतील अंतर साधारण नऊ फुटांच्या आसपास असते, वर मांडव असतो, त्यामुळे कमी रुंदीचे आणि कमी उंचीचे छोटे ट्रॅक्टर वापरले जातात. त्यांचे टायर, क्लच आणि पीटीओचे अनेक भाग मोठ्या ट्रॅक्टरच्या भागांपेक्षा वेगळे असतात. ज्या शोरूमची बहुतेक विक्री मोठ्या ट्रॅक्टरची आहे, तेथे छोट्या मॉडेलचा ट्रॅक्टर उभा असतो, मात्र त्याचे सुटे भाग कपाटात असतीलच असे नाही.

बागेपलीकडेही जिल्हा एकसारखा नाही. इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांत भाताच्या चिखलणीत ट्रॅक्टर तासन्‌तास पाण्यात चालतो. ऑइल सील कमजोर असेल तर पाणी आत शिरते, ऑइल दुधाळ होते आणि ते वेळीच बदलले नाही तर बेअरिंग व गिअर खराब होतात. येवला, सिन्नर आणि नांदगावकडे नांगरट, रोटा आणि कांद्याची भरलेली ट्रॉली बाजार समितीपर्यंत ओढणे ही कामे अधिक असल्याने क्लच आणि ब्रेकची झीज आधी समोर येते. आपल्या तालुक्यात कोणता भाग आधी जातो हे ज्या विक्रेत्याच्या मेकॅनिकला न विचारता सांगता येते, त्याच्याकडे त्या कामाचा अनुभव आहे असे समजावे.

विक्रेता चांगला आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वी कसे ओळखावे?

शोरूममध्ये नव्हे, मागच्या बाजूला. जाण्यासाठी शक्यतो ऐन हंगामातील सकाळ निवडावी, कारण मे महिन्याच्या दुपारी सर्वच कार्यशाळा शांत आणि स्वच्छ दिसतात.

आधी सुट्या भागांच्या काउंटरवर जावे आणि घ्यायच्या मॉडेलचे नाव सांगून काही नेमके भाग मागावेत: डिझेल फिल्टर, फॅन बेल्ट, क्लच प्लेट, पीटीओ शाफ्टचे ऑइल सील, वॉटर पंपाचे किट. काउंटरवरील माणूस भागाचा क्रमांक शोधून साठा पाहतो आणि किंमत व क्रमांक छापलेली खोकी समोर ठेवतो, की "मिळून जाईल, काळजी करू नका" एवढेच म्हणतो, यावरून पुष्कळ गोष्टी कळतात. फिल्टर आणि बेल्ट सगळेच ठेवतात. खरी परीक्षा क्लच प्लेट आणि पीटीओच्या सीलची असते, कारण हे भाग महाग किंवा कमी खपाचे असल्याने त्यांत पैसे गुंतवून ठेवायची तयारी प्रत्येकाची नसते.

त्यानंतर कार्यशाळेत डोकवावे. क्लचच्या कामासाठी ट्रॅक्टर मधून उघडलेला असेल, तर तो योग्य स्टँडवर उभा आहे की दगड-लाकडाच्या आधारावर, काढलेले नट-बोल्ट ट्रेमध्ये ठेवले आहेत की मातीत पसरले आहेत, प्रत्येक यंत्राला जॉबकार्ड (तक्रार आणि कामाची नोंद असलेला कागद) लावलेले आहे की नाही, हे पाहायला दहा मिनिटे पुरतात. तेथे आपल्या ट्रॅक्टरची वाट पाहत बसलेल्या शेतकऱ्याशी बोलावे. तो किती दिवसांपासून फेऱ्या मारतो आहे, हे तो विचारण्याआधीच सांगतो.

विक्रेत्याला विचारण्याचे प्रश्न थोडेच आहेत. कंपनीचे प्रशिक्षण घेतलेले मेकॅनिक किती, त्यांतील शेतावर येणारे किती, आणि या परिसरात विकलेले ट्रॅक्टर किती? ऑक्टोबर ते जानेवारी या काळात रविवारी फोन कोण उचलतो? शेतावर येण्याचे वेगळे शुल्क आहे का आणि ते वॉरंटीच्या काळातही लागते का? या उत्तरांपैकी जी आपल्यासाठी महत्त्वाची आहेत ती कोटेशनवरच लिहून आणि शिक्का मारून मागावीत. तोंडी आश्वासन देणारा विक्री प्रतिनिधी वर्षभराने दुसऱ्या कंपनीत गेलेला असण्याची शक्यता बरीच असते.

दूरच्या तालुक्यातील किंवा शेजारच्या जिल्ह्यातील विक्रेता कमी दरात देत असेल तर घ्यावा का?

फरक मोठा असेल तर विचार करण्यास हरकत नाही, पण हिशेब पूर्ण मांडावा. समजा, दूरच्या विक्रेत्याने पंधरा हजार रुपये कमी घेतले. मोठे काम निघाल्यावर यंत्र त्याच्याकडे न्यायचे, तर बिघडलेला ट्रॅक्टर गाडीवर चढवून न्यावा आणि आणावा लागेल. मेकॅनिक बोलावला, तर त्याचा येण्याजाण्याचा दिवस मोडेल. अशा दोन-तीन प्रसंगांत सवलत संपते, आणि थांबलेल्या कामाचा हिशेब त्यात धरलेलाच नाही.

बहुतेक कंपन्यांची वॉरंटी त्यांच्या कोणत्याही अधिकृत विक्रेत्याकडे चालते, हा मुद्दा विक्री प्रतिनिधी आवर्जून सांगतो आणि तो कागदावर खराही असतो. मात्र हंगामात कार्यशाळेसमोर रांग लागली, की स्वतः विकलेले यंत्र आधी हाती घेण्याकडे विक्रेत्याचा कल राहतो, हे कोणी उघडपणे कबूल करत नसले तरी. म्हणून बाहेरून खरेदी करायचीच असेल, तर जवळच्या अधिकृत विक्रेत्याला आधी भेटून सर्व्हिस त्याच्याकडे करणार असल्याचे स्पष्ट सांगावे.

गावाजवळचा सब-डीलर किंवा ओळखीचा एजंट यांच्याकडून बुकिंग करणे योग्य आहे का?

चालते, पण पैसे मुख्य अधिकृत विक्रेत्याच्या खात्यावर जमा करावेत, पावती त्याच्याच नावाची घ्यावी आणि सर्व्हिसची जबाबदारी कोणाची हे लेखी विचारावे. एजंटाचे काम बहुधा दलाली मिळाली की संपते.

नाशिकमधील कृषी प्रदर्शनात बुकिंग केल्यास फायदा होतो का?

कृषिथॉनसारख्या प्रदर्शनात अनेक कंपन्यांची यंत्रे एकाच मैदानावर पाहता येतात, हा मोठाच फायदा आहे. बुकिंग मात्र विक्रेत्याची कार्यशाळा पाहिल्यावरच करावे, आणि डेमो आपल्याच शेतात, आपल्याच ब्लोअरवर किंवा रोटाव्हेटरवर मागावा. डेमोसाठी ट्रॅक्टर पाठवण्यास टाळाटाळ करणारा विक्रेता पुढे मेकॅनिक तत्परतेने पाठवील, अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

वॉरंटीत नेमके काय मिळते आणि त्यात विक्रेत्याची भूमिका कोणती?

वॉरंटी वर्षे आणि चालवलेले तास अशा दोन मापांत दिलेली असते व त्यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेथे ती संपते. वर्षभर ब्लोअर चालवणाऱ्या बागायतदाराने हे नीट वाचावे, कारण त्याचे तास वर्षांच्या आधी भरू शकतात. क्लच प्लेट, ब्रेक लायनिंग, फिल्टर, बेल्ट यांसारखे झिजणारे भाग सर्वसाधारणपणे वॉरंटीत धरले जात नाहीत. टायर, बॅटरी आणि बऱ्याचदा डिझेल पंप यांची वॉरंटी त्या त्या उत्पादकाची असते. तरीही तो दावा आपल्यामार्फत पाठवला जाईल का, हे विक्रेत्याला आधीच विचारून ठेवावे.

दावा मंजूर करणे कंपनीच्या हातात असले, तरी तो कसा लिहिला जातो हे विक्रेत्याच्या हातात असते. बिघाडाचे छायाचित्र, चाललेले तास दाखवणाऱ्या अवर मीटरवरील आकडा, आधीच्या सर्व्हिसच्या नोंदी आणि खराब झालेला भाग व्यवस्थित जोडून पाठवला तर दावा सहसा अडत नाही. तोच दावा अर्धवट भरून पाठवला, की "वापरातील दोष" असा शेरा मारून परत येतो, आणि शेतकरी राग कंपनीवर काढतो.

पहिली सर्व्हिस किती दिवसांनी करावी?

दिवसांनी नव्हे, तासांनी. बहुतेक ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस ५० तासांच्या सुमारास असते. नेमका आकडा मालक पुस्तिकेत दिलेला असतो. नव्या इंजिनात आणि गिअरबॉक्समध्ये सुरुवातीला धातूचे बारीक कण सुटतात, ते पहिल्या ऑइलबरोबर बाहेर काढणे हा या सर्व्हिसचा हेतू असतो. फवारणीच्या दिवसांत रोज सहा तास ट्रॅक्टर चालत असेल, तर नवव्या दिवशीच पन्नास तास भरतात. "महिन्याभराने घेऊन या" असे मोघम सांगणाऱ्यापेक्षा तास विचारून स्वतः फोन करणारा विक्रेता निवडावा.

दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या मुहूर्तावर डिलिव्हरी घेताना काय काळजी घ्यावी?

मुहूर्ताच्या दिवशी शोरूमच्या आवारात फुले, हार, पेढे आणि रांगेत उभे असलेले ट्रॅक्टर असे वातावरण असते. त्या गर्दीत ताबा देण्यापूर्वीची तपासणी घाईत उरकली जाते किंवा नुसती सही करून पूर्ण दाखवली जाते. त्यावर उपाय सोपा आहे: पूजा मुहूर्तावर करावी, तपासणी आदल्या दिवशी स्वतः उभे राहून करून घ्यावी. चेसिस आणि इंजिन क्रमांक कागदाशी जुळवावेत, टायरवरील उत्पादनाचा आठवडा व वर्ष पाहावे, बॅटरीचे वॉरंटी कार्ड घ्यावे, अवर मीटर पाहावा, इंजिन गरम होईपर्यंत चालवून गळती तपासावी, लिफ्ट वजन लावून उचलून धरावी आणि पीटीओ सुरू करून आवाज ऐकावा. टूलबॉक्स, हूक, टॉप लिंक आणि मालक पुस्तिका मिळाल्याची नोंद डिलिव्हरी चलनावर करून घ्यावी.

दसऱ्याबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नाशिकमध्ये दसरा-दिवाळीची विक्री आणि गोडी छाटणीनंतरची फवारणी यांचे दिवस एकमेकांत मिसळतात. मेकॅनिक नवे ट्रॅक्टर तयार करण्यात गुंतलेले असतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत जुन्या ग्राहकांचे फोन सर्वाधिक येतात. या काळात विक्रेता जास्तीचे मनुष्यबळ लावतो का, हा प्रश्न त्यामुळे किमतीइतकाच मोलाचा आहे.

गावातला मिस्त्री असताना अधिकृत कार्यशाळेची गरज आहे का?

अनुभवी मिस्त्री ही गावाची मोठी सोय आहे आणि वॉरंटीनंतर बरीच कामे त्याच्याकडेच होतात, त्यात गैर काही नाही. वॉरंटीच्या काळात मात्र अधिकृत नोंद नसलेली दुरुस्ती किंवा बाजारातील हलका भाग यामुळे दावा नाकारला जाऊ शकतो.

मोठ्या ट्रॅक्टरच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. ५० अश्वशक्तीहून अधिक क्षमतेच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम स्टेज ४ ही उत्सर्जन मानके लागू झाली, आणि त्यासाठी या इंजिनांमध्ये कॉमन रेल इंधन प्रणाली, सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले. डॅशबोर्डवर दिवा लागून इंजिनाची ताकद कमी झाली, तर पाना आणि कान यांवर निदान होत नाही. कंपनीचे निदान यंत्र लागते. असा ट्रॅक्टर घेणाऱ्याने ते यंत्र विक्रेत्याकडे आहे का आणि ते वापरणारा माणूस कायमचा आहे की दुसऱ्या शहरातून येतो, हे पाहूनच व्यवहार करावा.

अनुदानासाठी विक्रेत्याची मदत किती घ्यावी?

कागदपत्रांपुरती. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनांसाठी अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर शेतकऱ्याच्या नावाने करावा लागतो. निवड झाल्यावर विक्रेत्याचे कोटेशन आणि मान्यताप्राप्त संस्थेचा चाचणी अहवाल जोडावा लागतो. पूर्वसंमती मिळण्यापूर्वी खरेदी केलेल्या ट्रॅक्टरला अनुदान मिळत नाही. "आधी घेऊन जा, अनुदानाचे मागाहून पाहू" असे म्हणणारा विक्रेता स्वतःची विक्री पाहत असतो. अनुदान शेतकऱ्याच्या आधार संलग्न बँक खात्यात जमा होते, त्यामुळे ते मिळवून देण्यासाठी कोणी वेगळी रक्कम मागत असेल तर ती देऊ नये.

कोटेशनमध्ये कोणत्या गोष्टी स्पष्ट असाव्यात?

मूळ किंमत, जीएसटी, विमा, नोंदणी खर्च आणि सोबत मिळणाऱ्या वस्तू यांच्या वेगवेगळ्या ओळी असाव्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेती ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे आणि ट्रॅक्टरचे टायर व सुटे भाग यांवरील दरही १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. पुढील दुरुस्तीच्या बिलांतही हा दर तपासावा. "इतर खर्च" किंवा "हाताळणी" अशी मोघम ओळ असेल तर तिचा तपशील मागावा. ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र होते, ती एकूण रकमेत धरली आहे का हेही विचारावे.

विक्रेत्यामार्फत कर्ज घेताना हप्ता किती हे विचारून थांबू नये. व्याजदर, प्रक्रिया शुल्क आणि मुदतीपूर्वी फेड केल्यास लागणारी रक्कम लेखी घ्यावी, आणि कोऱ्या कागदांवर सह्या करू नयेत.

कंपनीनेच ट्रॅक्टर बनवणे बंद केले, किंवा विक्रेत्याने एजन्सी सोडली तर काय?

ही भीती काल्पनिक नाही. हरियाणातील पिंजोर येथील एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये मंजुरी दिली, आणि फळबागेसाठी अरुंद ट्रॅक्टर बनवणाऱ्या फोर्स मोटर्सने ३१ मार्च २०२४ पासून शेती ट्रॅक्टरचा व्यवसाय थांबवला. अशा यंत्रांच्या मालकांसाठी भागांचा साठा करून ठेवणारा जुना विक्रेता आणि त्या इंजिनावर हात बसलेला मेकॅनिक हेच आधार उरतात.

विक्रेता बदलण्याचा प्रसंग याहून अधिक वेळा येतो. म्हणून विक्रेता किती वर्षांपासून त्याच कंपनीचे काम करतो, जागा स्वतःची की भाड्याची, आणि यापूर्वी त्याने किती कंपन्या बदलल्या, याची चौकशी गावातल्या जाणत्यांकडे करावी. सर्व्हिस बुक, जॉबकार्ड आणि बिले मात्र स्वतःकडेच ठेवावीत. विक्रेत्याच्या कपाटात ठेवलेल्या नोंदी त्याच्याबरोबरच जातात.

विक्रेता दाद देत नसेल तर कोठे जावे?

आधी जॉबकार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी आणि तारीख, अवर मीटरचा आकडा व सही असलेली प्रत घ्यावी. चिठ्ठीवर लिहिलेल्या नोंदीला पुढे फारसा अर्थ राहत नाही. त्यानंतर कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक ठेवावा आणि विभागीय कार्यालयाला लेखी कळवावे. बऱ्याच तक्रारी येथेच सुटतात, कारण कंपनीचा दबाव विक्रेत्याला टाळता येत नाही.

त्यानेही काम न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मदत मिळते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार शेतकरी राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे कंपनीचे कार्यालय पंजाबात किंवा चेन्नईत असले तरी तक्रार नाशिकमध्येच दाखल होते. खरेदीची रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे चालते आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ते दाखल करावे लागते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही, ५ ते १० लाखांपर्यंत ते २०० रुपये आहे. स्वतःच्या शेतीसाठी, स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी घेतलेला ट्रॅक्टर व्यापारी हेतूचा मानला जात नाही. अनेक ट्रॅक्टर घेऊन ते भाड्याने चालवणाऱ्याच्या बाबतीत मात्र हा मुद्दा वादाचा होऊ शकतो.

जुना ट्रॅक्टर घेतानाही अधिकृत विक्रेत्याचा उपयोग होतो का?

होतो, आणि तो फार थोडे जण करून घेतात. मालकाला सोबत घेऊन चेसिस क्रमांकासह त्या कंपनीच्या विक्रेत्याकडे गेल्यास पूर्वी झालेल्या सर्व्हिस, त्या वेळचे तास आणि मोठ्या दुरुस्त्या यांची नोंद बऱ्याचदा पाहायला मिळते. तीन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसला जे तास लिहिलेले आहेत, त्याहून कमी तास आज अवर मीटरवर दिसत असतील, तर मीटर बदललेला आहे. आरसीवरील बोजा उतरला आहे का हे आरटीओच्या नोंदीत पाहावे, आणि थोडे पैसे देऊन कार्यशाळेत क्लच, हायड्रोलिक व ऑइलची तपासणी करून घ्यावी. सर्व्हिसची काहीच नोंद सापडत नसेल, तर क्लच आणि सीलचा खर्च आपल्यालाच करायचा आहे असे धरून दर तेवढा पाडून मागावा.